श्रमपरिहार : तळपायांच्या विश्रांतीचा एक इतिहास

मराठीत 'श्रमपरिहार' नावाचा एक शब्द आहे. साहित्य संमेलन, गणेशोत्सव, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन किंवा निवडणूक असे एखादे मोठे कार्य पार पडले, की राबलेल्या कार्यकर्त्यांसाठी जे जेवण ठेवले जाते त्याला हा शब्द लावण्याची रीत आहे. अलीकडे तो उच्चारताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू उमटते, कारण त्या जेवणात जेवणापलीकडचेही काही असू शकते हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. परंतु शब्द मुळात गंभीर आहे. श्रम झालेले आहेत, ते आता थांबलेले आहेत, आणि ज्यांच्या कार्यासाठी ते झाले त्यांच्यावर श्रमणाऱ्याचा शीण घालवण्याची जबाबदारी आहे, इतके सारे या एका समासात गृहीत धरलेले आहे.

गेल्या दोन-तीन दशकांत कचेऱ्यांच्या आणि कारखान्यांच्या व्यवहारात या शब्दाच्या शेजारी दुसरी एक शब्दावली येऊन बसली. 'स्ट्रेस मॅनेजमेंट', 'वेलनेस डे', 'रिलॅक्सेशन सेशन' हे तिच्यातले नेहमीचे शब्द. या उपायांपैकीच एक म्हणजे रिफ्लेक्सॉलॉजी. कर्मचाऱ्याने बूट-मोजे काढून खुर्चीत रेलून बसायचे आणि प्रशिक्षित व्यक्तीने त्याच्या तळपायावरील ठरावीक जागांवर अंगठ्याने क्रमाक्रमाने दाब द्यायचा, असे तिचे स्वरूप. तळपाय हा साऱ्या शरीराचा नकाशा आहे. पायाच्या अंगठ्यात डोके, बोटांखालच्या उंचवट्यात छाती, मधल्या खोलगट भागात पोट आणि टाचेत कंबरेखालचा भाग वसलेला आहे, अशी त्यामागची कल्पना. ही कल्पना वैद्यकाच्या कसोटीवर कितपत टिकते, हा प्रश्न पुढे येईलच. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय मात्र थोडा वेगळा आहे. दमलेल्याचे पाय कोणी चेपायचे, कोणाचे चेपायचे आणि कशासाठी, या प्रश्नाची उत्तरे आपल्या समाजात काळानुसार बदलत गेली. त्या बदलांचा माग काढल्याशिवाय कंपनीतल्या त्या आरामखुर्चीचा अर्थ नीट लागत नाही, असे मला वाटते.

हा माग काढायला दिघीइतके सोयीचे ठिकाण दुसरे क्वचितच असेल. आळंदीहून पुण्याकडे येताना वाटेत दिघी लागते. भोवताली लष्कराची हद्द आणि संरक्षण खात्याच्या संस्था, जवळच भोसरीची औद्योगिक वसाहत, टेकडीवर दत्तगड. १९९७ साली आसपासच्या इतर गावांबरोबर दिघीही पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आली आणि पाहता पाहता कामगारांचे, निवृत्त जवानांचे आणि पुढे संगणक क्षेत्रातल्या नोकरदारांचे उपनगर बनली. भोसरी, तळवडे, चाकण येथे कामाला जाणारी माणसे येथे राहतात. याच रस्त्याने पुढे गेले की विश्रांतवाडी येते. कामाच्या पट्ट्याच्या इतक्या जवळ विसाव्याचे नाव धारण करणारी वस्ती असावी, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

याच रस्त्याने दरवर्षी ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जाते. अष्टमीला आळंदीतून प्रस्थान होते आणि दुसऱ्या दिवशी दिघीवरून सोहळा पुण्यात पोहोचतो. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्याला शिस्त लावली. पालखीत असतात त्या पादुका. न चालणाऱ्या पादुका खांद्यावर आणि रथात, आणि त्यांच्या मागेपुढे चालणारे लाखो पाय, असे हे दृश्य आहे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर. त्यात पुण्याहून सासवडला नेणारा दिवे घाटाचा टप्पा पायांची खरी परीक्षा पाहतो. त्यामुळे वारीच्या वाटेवर पायांची सेवा ही एक स्वतंत्र व्यवस्थाच उभी राहिली आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये आणि पुण्यात पालख्यांच्या मुक्कामी ठिकठिकाणी मंडळे, डॉक्टर, विद्यार्थी, नाभिक आणि चर्मकार बांधव आपापले कौशल्य घेऊन बसतात. कोणी तुटलेल्या वहाणा शिवून देतो, कोणी पायांच्या फोडांना औषध लावतो, कोणी पोटऱ्यांना तेल चोळून देतो. ज्यांच्या पायांना आयुष्यात कोणी हात लावला नसेल अशा शेतमजुरांचे पाय शहरातली शिकलेली माणसे मांडीवर घेतात. आणि सेवा संपली की बहुधा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात.

या शेवटच्या कृतीचे मोल समजायचे तर पाय चेपण्याचा वारीबाहेरचा इतिहास पाहिला पाहिजे. तो इतका समतेचा नाही. शेषशायी विष्णूच्या पायाशी बसलेली लक्ष्मी हे चित्र आपण घराघरांतल्या कॅलेंडरांवर पाहत आलो. त्या चित्राने गृहस्थधर्माचा एक आदर्श पिढ्यान्‌पिढ्या शिकवला. नवऱ्याचे, सासूचे पाय चेपणे हे सुनेच्या दिनक्रमात गणले गेले. त्या घरात सर्वांत उशिरा पाठ टेकणाऱ्या बाईचे पाय कोणी चेपायचे, हा प्रश्न त्या आदर्शाने कधी विचारला नाही. गावगाड्यात न्हाव्याकडे हजामतीबरोबर अंग रगडण्याचे, चेपण्याचेही काम असे. प्रतिष्ठितांच्या पायांना त्याचा हात चाले. त्याचे स्वतःचे सामाजिक स्थान त्यामुळे वर सरकत नसे. पाय हा शरीराचा सर्वांत खालचा अवयव, म्हणून त्याला स्पर्श करणारा खालचा, असे हे गणित. 'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्या समाजात पायाला हात लावणे ही कृती कधीही तटस्थ असू शकत नव्हती.

भक्तिपरंपरेने हे गणित पूर्णपणे मोडले असे म्हणता येणार नाही, पण त्याची दिशा बदलली. नवविधा भक्तीत 'पादसेवन' ही चौथी भक्ती. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा चौथा समास तिच्यासाठीच आहे. तेथे समर्थ या सेवेचा संबंध सद्गुरूकडून मिळणाऱ्या ज्ञानाशी जोडतात. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात 'आचार्योपासन' या एका पदावर ज्ञानदेवांनी जे विस्तृत निरूपण केले आहे, त्यात गुरूच्या घरातील हरेक क्षुद्र चाकरी आपणच करावी अशी शिष्याची उत्कट इच्छा व्यक्त होते. येथे सेवा वरच्या दिशेनेच जाते आहे, हे खरे. पण ती स्वेच्छेची आहे आणि सेवेकऱ्याला तिच्यात काही मिळवायचे आहे. दुसरीकडे सुदाम्याचे धुळीने माखलेले पाय धुणारा द्वारकाधीश ही कथा कीर्तनकारांनी आवडीने सांगितली. वारीतल्या सेवेमागे ही उलटी दिशा आहे. जो चालून दमला तो पूज्य, मग तो कोणीही असो. म्हणूनच मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकरी आणि आदिवासी मोर्चेकऱ्यांच्या रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा मुंबईकर पाणी, खाद्यपदार्थ आणि चपला घेऊन रस्त्यावर आले. त्या छायाचित्रांचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागला नाही.

पायांच्या सेवेचा आणखी एक प्रवाह वैद्यकाचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाचे गुण सांगितले आहेत. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, बधिरपणा आणि थकवा त्याने जातो आणि दृष्टी निर्मळ होते, असे तेथे म्हटले आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायातही अभ्यंग विशेषेकरून डोके, कान आणि पाय यांना करावा असा उपदेश आहे. महाराष्ट्रातल्या घरांत याचे परिचित रूप म्हणजे काशाची वाटी. तळपायाला तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने घासायचे. वाटीखाली काळपट थर दिसू लागला की अंगातली उष्णता निघाली असे आजी सांगणार. तो काळेपणा धातू, स्निग्धपदार्थ आणि घर्षण यांतून येतो, हे खरे. पण डोळ्यांची आग तळपायांतून उतरते, ही समजूत भाषेतही खोल रुजलेली आहे. उलट दिशेने जाणारा 'तळपायाची आग मस्तकात जाणे' हा वाक्प्रचार तर आपण रोज वापरतो. टाळू आणि तळवा यांच्यात एक थेट वाट आहे, हे मराठी भाषेने कोणत्याही नकाशाशिवाय मानलेले आहे. अलीकडच्या वर्षांत विजेवर फिरणाऱ्या काशाच्या थाळीची यंत्रे निघाली आणि लहानमोठ्या शहरांत त्यांची केंद्रेही उघडली. तेथे माणूस पैसे देऊन यंत्रावर पाय ठेवतो. चेपणारा हात नाहीसा झाला, आणि त्याबरोबर मानापमानाचा प्रश्नही.

रिफ्लेक्सॉलॉजी या प्रवाहातून आलेली नाही. तिचा जन्म विसाव्या शतकातील अमेरिकेतला आहे. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले आणि एका पट्ट्यातील हातापायाच्या बोटांवर दाब दिला असता त्याच पट्ट्यातील दुसऱ्या भागाची वेदना कमी होते, असा सिद्धांत मांडला. एडविन बॉवर्स यांच्यासह लिहिलेले त्यांचे 'झोन थेरपी' हे पुस्तक १९१७ साली आले. दाब देण्यासाठी ते रबरी पट्ट्या, धातूचे कंगवे आणि कपड्यांचे चिमटेसुद्धा वापरीत. पुढे युनिस इंगम या बाईंनी सारे लक्ष तळपायांवर केंद्रित केले, अवयवांचा तपशीलवार नकाशा तयार केला आणि १९३८ साली पुस्तक लिहून, गावोगाव फिरून त्याचा प्रसार केला. आज भिंतीवर टांगलेला दिसणारा रंगीत तळव्यांचा नकाशा मुख्यतः त्यांच्या परिश्रमातून आलेला आहे.

इतक्या अलीकडच्या विद्येला आपण अलीकडचे आहोत हे सहसा रुचत नाही. त्यामुळे तिच्या पुरस्कर्त्यांनी पूर्वजांचा शोध घेतला. इजिप्तमधील सक्कारा येथे अंखमाहोर नावाच्या अधिकाऱ्याच्या सुमारे चार हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या थडग्यात हातापायांवर काही क्रिया चाललेल्या माणसांची भित्तिशिल्पे आहेत. तीच रिफ्लेक्सॉलॉजीची पहिली साक्ष, असे सांगितले जाते. पण ते दृश्य नखे कापण्याचे, पायांची निगा राखण्याचे किंवा साध्या मर्दनाचेही असू शकते. आपल्याकडे शंख, चक्र, मत्स्य अशी चिन्हे कोरलेल्या विष्णुपदांचा असाच उपयोग केला जातो. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही प्रक्रिया ओळखीची वाटेल. नव्या पंथाने जुन्या ग्रंथात आपला उल्लेख शोधावा, तसे हे आहे. आपल्या बाजारात तर रिफ्लेक्सॉलॉजी, चिनी परंपरेचे अॅक्युप्रेशर आणि घरचे पादाभ्यंग यांची सरमिसळ इतकी झाली आहे की टेबलाखाली ठेवायचा लाकडी रोलर, टोकदार गुंड्यांच्या चपला आणि नगरपालिकेच्या बागेतील गोट्यांची पायवाट ही तिन्ही एकाच 'प्राचीन शास्त्रा'ची अपत्ये समजली जातात.

आता ज्या 'ताणा'वर हा उपाय सांगितला जातो त्या शब्दाकडे वळू. जुन्या मराठीत दमलेल्या माणसासाठी शब्दांची वाण नव्हती. शीण, भागणे, दमणे, थकणे, गळून जाणे, अंग मोडून येणे. या साऱ्या शब्दांत श्रमाचे मोजमाप शरीराला कळते आणि झोपेने, जेवणाने, विसाव्याने ते भरून निघते. 'ताण' हा शब्द मराठीत होता, पण तो दोराचा, सुताचा, तंबूच्या तणाव्याचा होता. माणसाच्या मनाला ताण येतो, ही आजची रूढी आधुनिक विज्ञानातून आली. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकातील छोट्या टिपणात निरनिराळ्या अपायांना शरीर एकाच ठरावीक पद्धतीने प्रतिसाद देते अशी मांडणी केली. पुढे त्यासाठी त्याने 'स्ट्रेस' ही संज्ञा रूढ केली आणि १९५६ च्या त्याच्या पुस्तकाने ती सर्वतोमुखी झाली. हा शब्द अभियांत्रिकीत आधीपासून होता. तुळईवर किंवा धातूच्या सळईवर येणाऱ्या बलासाठी तो वापरत. म्हणजे मराठी 'ताण' आणि इंग्रजी 'स्ट्रेस' या दोघांचीही पूर्वपीठिका निर्जीव वस्तूंची आहे. शीण आलेला माणूस विश्रांती घेतो. ताणलेल्या दोराला विश्रांती नसते; तो सैल तरी करावा लागतो, नाहीतर अधिक मजबूत तरी. कंपन्यांच्या भाषेत माणसाला 'रेझिलियंट' करण्याचा जो आग्रह असतो, त्याची मुळे या रूपकात आहेत.

विश्रांतीच्या मागणीचा महाराष्ट्रातील पहिला मोठा अध्याय ताणाच्या भाषेत लिहिलेला नव्हता. सत्यशोधक परंपरेतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारच्या कारखाना आयोगापुढे ठेवण्यात आले. त्यातल्या मागण्या साध्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार वेळेवर व्हावा आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई मिळावी. रविवार हा खंडोबाचा वार, हाही एक युक्तिवाद लोखंड्यांकडे होता. इंग्रजांच्या चर्चचा वार आणि जेजुरीच्या देवाचा वार एकच असल्याचा असा उपयोग करून घेणे हे त्यांच्या चातुर्याचे लक्षण आहे. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास यांना स्थान मिळाले. श्रमपरिहार हा येथे प्रथमच हक्क म्हणून उच्चारला गेला. त्यासाठी कोणाचे आभार मानण्याची गरज उरली नाही.

याच काळाच्या आसपास अमेरिकेत विश्रांतीचा दुसरा विचार आकाराला येत होता. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात जड लोखंड उचलणाऱ्या मजुराला मध्येमध्ये विसावा दिल्यास तो दिवसाकाठी कितीतरी अधिक माल हलवतो, हे हिशेबाने दाखवले. नंतर शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रकाश, विसाव्याच्या वेळा, कामाचे तास असे घटक बदलून प्रयोग झाले. त्यातल्या एका खोलीत दूरध्वनीचे सुटे भाग जोडणाऱ्या मोजक्या स्त्रियांवर प्रयोग केला, तेव्हा सवलती दिल्या तरी उत्पादन वाढले आणि काही काळ काढून घेतल्या तरी ते फारसे घसरले नाही. एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ असा लावला की आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, ही भावनाच कामगाराला हुरूप देते. पुढच्या संशोधकांनी या निष्कर्षांवर बरीच शंका घेतली. तरीही व्यवस्थापनाच्या विचारात विश्रांतीला आणि आस्थेला उत्पादनाचे साधन म्हणून जागा मिळाली ती कायमचीच. डेन्मार्कमध्ये काही कंपन्यांनी रिफ्लेक्सॉलॉजिस्ट कामावर नेमले, त्यामागेही आजारपणाच्या रजा कमी व्हाव्यात हा हिशेब होता. आजच्या 'वेलनेस'ची वंशावळ टेलर आणि मेयो यांच्याकडे जाते. लोखंड्यांकडे ती जात नाही.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने दोन्ही विचारांना एकत्र नांदवायचा प्रयत्न केला. दीडशेहून अधिक कामगार असतील तर विश्रांतिकक्ष, अडीचशेहून अधिक असतील तर उपाहारगृह, पाचशे किंवा अधिक असतील तर कल्याण अधिकारी, सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको आणि मध्ये किमान अर्धा तास विसावा, अशा तरतुदी त्यात होत्या. पायांच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते चव्वेचाळिसावे कलम. ज्यांना उभ्याने काम करावे लागते त्यांच्यासाठी बसण्याची योग्य सोय असावी, म्हणजे कामात संधी मिळेल तेव्हा त्यांना टेकता येईल, असा त्याचा आशय होता. हे कलम कारखान्यापुरते होते. दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्यांना ते लागू नव्हते. केरळातील कापड दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांना बसण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे झगडावे लागले, तेव्हा २०१८ साली तेथे दुकानांच्या कायद्यात बदल झाला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली. एक साधे स्टूल मिळवायला किती वर्षे लागतात, याची ही नोंद आहे.

दिघीच्या परिसरात या कायद्याचे जग १९५० च्या दशकापासून अवतरले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना सुरू झाला. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती, आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को आले. पुढे चाकणला नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बजाजचा आणि त्यानंतरच्या दशकात जर्मन व भारतीय मोटार कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. जुन्या कारखान्यात कायम कामगार, संघटना, करार आणि उपाहारगृहातले स्वस्त जेवण यांचे एक जग होते. टेल्कोतील १९८९ चा संघर्ष हा त्या जगातल्या ताकदीचा आणि तिच्या मर्यादेचाही पुरावा आहे. नव्या कारखान्यात कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी कामगारांचे प्रमाण वाढले. जोडणीच्या पट्ट्यावर प्रत्येकाला ठरावीक सेकंद असतात. त्यात गाडी पुढे सरकते आणि पाय जागेवरच राहतात. आमच्याकडे सकाळच्या तासांना येणारे काही विद्यार्थी रात्रपाळी करून आलेले असतात. वर्गात बसल्यावर ते पहिल्यांदा बुटांच्या नाड्या सैल करतात. त्यांच्या भाषेत 'ताण' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. 'पाय भरून आलेत' असे ते म्हणतात.

येथे दोन वेगळ्या दमणुकींचा भेद लक्षात घ्यायला हवा. संगणकासमोरच्या नोकरदाराचे पाय दिवसभर टेबलाखाली निवांत असतात आणि डोके चालत असते. जोडणीपट्ट्यावरच्या कामगाराचे पाय झिजतात. रिफ्लेक्सॉलॉजीची खुर्ची सहसा पहिल्याच्या वाट्याला येते, आणि ज्याच्या पायांना तिची अधिक गरज आहे तो दाराबाहेर राहतो. कंत्राटी कामगार तर 'कर्मचारी कल्याणा'च्या यादीतच नसतो. याचा अर्थ पहिल्याचा ताण खोटा असा मुळीच नाही. दीर्घ तास, सतत वाजणारा भ्रमणध्वनी आणि नोकरी जाण्याची धास्ती यांनी माणसे खचतात, हे पुणे परिसरातील अलीकडच्या काही दुर्दैवी मृत्यूंनंतर झालेल्या चर्चेत सर्वांनी ऐकले. पण खचण्याचे कारण कामाच्या रचनेत असेल, तर त्यावरचा उपाय तळपायावर शोधणे कितपत योग्य, हा प्रश्न दोघांच्याही बाबतीत सारखाच उरतो.

आता वैद्यकाचा निवाडा. एडझर्ड अर्न्स्ट यांनी २००९ साली रिफ्लेक्सॉलॉजीवरील अठरा नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला आणि कोणत्याही आजारावर ती परिणामकारक असल्याचा खात्रीलायक पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. २०११ च्या विस्तारित आढाव्यातही चित्र बदलले नाही. पायाच्या अंगठ्यात डोके आणि टाचेत कंबर असल्याचे शरीरशास्त्राला आढळलेले नाही. मग त्या खुर्चीतून उठणारा माणूस ताजातवाना का दिसतो? याचे उत्तर अवघड नाही. अर्धा तास तो बसलेला असतो, बूट काढलेले असतात, कोणी त्याला काही विचारत नाही, आणि दुसरा माणूस त्याच्या दुखऱ्या भागाला जपून हात लावत असतो. हा आराम खरा आहे. त्याला नकाशाची गरज नाही. हॉथॉर्नच्या खोलीतल्या त्या स्त्रियांना आणि वारीतल्या दमलेल्या म्हाताऱ्याला जे मिळते, त्याच्याशी त्याचे नाते आहे.

या संदर्भात चेपणाऱ्या हाताचाही विचार व्हायला हवा, कारण इतिहासाने त्याच्याकडे नेहमीच दुर्लक्ष केले. जपानमध्ये मर्दनाचा व्यवसाय कित्येक शतके दृष्टिहीनांच्या हाती होता. मुंबईतही दृष्टिहीन व्यक्तींना रिफ्लेक्सॉलॉजी शिकवून त्यावर त्यांचा चरितार्थ उभा करण्याचे प्रयत्न झाले. सून, न्हावी आणि शिष्य यांच्यानंतर येथे प्रथमच पाय चेपणारा माणूस प्रमाणपत्र, शुल्क आणि वेळापत्रक घेऊन येतो. हे मोठे स्थित्यंतर आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. मात्र दिवसभरात रांगेने पंधरा-वीस जणांचे पाय हाताळणाऱ्या त्या व्यक्तीच्या अंगठ्यांचा आणि पाठीचा शीण कोणाच्या हिशेबात धरला जातो, हेही विचारले पाहिजे. लक्ष्मीच्या चित्राबद्दल विचारायचा राहून गेलेला प्रश्न तोच आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास आणि विसावा पाच तासांऐवजी सहा तासांनंतर देण्यास मान्यता दिली. आठवड्याच्या एकूण तासांची मर्यादा आणि जादा कामाच्या मोबदल्याच्या अटी कायम असल्याचे समर्थनात सांगितले गेले. त्या युक्तिवादाची छाननी कायद्याचे अभ्यासक करतील. पायांच्या बाजूने पाहिले तर गोष्ट सरळ आहे. १८८४ साली मागितलेल्या अर्ध्या तासाकडे पोहोचायला कामगाराला आता आणखी एक तास उभे राहावे लागेल. अशा काळात 'ताणमुक्ती'ची सत्रे वाढणार, यात आश्चर्य नाही. ती वाईट आहेत असेही नाही. दमलेल्या पायांना कोणी मायेने किंवा मोबदला घेऊन चेपत असेल, तर त्याला विरोध करण्याचे कारण दिसत नाही.

पण अशा सत्राची सूचना फलकावर लागेल तेव्हा ती एखाद्या संहितेसारखी वाचावी, असे मी विद्यार्थ्यांना सुचवीन. हे सत्र कामाच्या वेळेत आहे, की जेवणाच्या सुट्टीत? ते कोणासाठी आहे. पट्ट्यावरचा कंत्राटी मुलगा आणि सफाई करणारी बाई त्यात आहेत काय? जेथे दिवसभर उभे राहावे लागते तेथे एखादे स्टूल आहे काय? चेपणाऱ्याला किती पैसे मिळतात? आणि सत्र संपल्यावर काम तेवढेच राहते, की ताजेतवाने झालात म्हणून वाढते? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर तळव्याच्या नकाशावर विश्वास नसलेल्यानेही खुशाल बूट काढून खुर्चीत बसावे. ती असमाधानकारक असतील, तर त्या सूचनेत 'श्रमपरिहार' हा शब्द का वापरलेला नाही, याचा उलगडा आपोआप होईल.